फांदी

"मामा, याचा नेम कधीच चुकत नाही?" कॉमिकमधल्या डेडशॉटच्या चित्रावर बोट ठेवून भाच्याने विचारलं. उजव्या डोळ्यावर लाल भिंग, मनगटांवर बंदुका.

मी "नाही" म्हणालो. तेव्हापासून चैन नाही.

१९५०मध्ये बॅटमॅनच्या अंकात सूट आणि उंच हॅट घालून आलेला हा खलनायक. पुढे १९७७पर्यंत जवळपास विसरलाच गेला. मग परतला तो सुपारी घेऊन माणसं मारणारा म्हणून.

पण तो चुकलाय. १९८८च्या कॉमिक मालिकेत पोरसवदा फ्लॉइड, म्हणजे हाच डेडशॉट, झाडावरून नेम धरतो, भावाच्या हातातली बंदूक उडवायला. फांदी मोडते. गोळी भावालाच लागते. त्याचा जीव होता हो त्या भावावर!

भाचा नऊ वर्षांचा आहे. सांगू का त्याला हे?