मुरूम, काटे आणि गुणतक्ता

खान्देशात माउंटन बाइकच्या शर्यती भरवायच्या तर त्या दिवाळीनंतर आणि होळीच्या आत, एवढ्याच काळात भरवता येतात, आणि यामागे हवेपेक्षाही मातीचा हिशेब मोठा आहे. पावसाळ्यात तापीकाठची काळी माती टायरला अशी धरते की शे-दोनशे मीटरमध्ये चाक आणि फ्रेम यांच्यामधली जागा चिखलाने भरून जाते, डेरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, जाम होतो आणि सायकल खांद्यावर घेऊन चालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कार्तिकात हीच जमीन वाळून घट्ट होते, डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडून वाट मोकळी दिसू लागते आणि पौषात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पुढे शिमगा सरला की ऊन इतके चढते की सकाळी नऊनंतर चढावर जोर लावणे म्हणजे आजारपणाला आमंत्रण. म्हणून आमच्या भागातली ही छोटी मालिका हिवाळ्यात होते आणि गेले काही हिवाळे मी तिच्यात भाग घेत आलो आहे.

मालिका आणि सुटी शर्यत यांत मोठा फरक आहे. सुट्या शर्यतीत एका दिवसाची धडाडी पुरते. मालिकेत मात्र प्रत्येक शर्यतीचे गुण जमा होत जातात, शर्यत पूर्ण करणाऱ्या शेवटच्या स्वारालाही काही गुण मिळतात आणि अर्धवट सोडणाऱ्याच्या नावापुढे शून्य लागते. परिणामी गुणतक्त्याच्या वरच्या भागात सर्वांत वेगवान माणसे असतातच असे नाही. तेथे हमखास दिसतात ती सायकल धडधाकट ठेवून शेवटच्या रेषेपर्यंत येणारी माणसे. ऑलिंपिकमध्ये १९९६ साली अटलांटा येथे दाखल झालेल्या क्रॉस-कंट्री प्रकाराचाच नमुना आमच्याकडे लहान प्रमाणात वापरला जातो, म्हणजे काही किलोमीटरचा एकच मार्ग आणि त्याच्या ठरावीक फेऱ्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत, आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीस लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांइतका जो मागे पडेल त्याला मार्गावरून बाहेर काढतात. आमच्याकडे हा नियम लावलेला नाही, आणि तो लावूही नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नोकरी-शेती सांभाळून येणाऱ्या निम्म्या मंडळींना मग दुसरी फेरीही पाहायला मिळणार नाही.

खान्देशाला उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग, जिला चाळीसगावकडे सातमाळा म्हणतात, असे दोन कठडे आहेत. शर्यतीला लागणारे चढउतार या दोन्ही बाजूंच्या पायथ्यांशी आणि धुळ्याजवळच्या लळिंगसारख्या सुट्या डोंगरांभोवती मिळतात. खडक बहुतेक सगळा बेसाल्टचा, त्यामुळे वाट कोठेही असली तरी तिच्यावर त्याचाच झिजून झालेला मुरूम पसरलेला असतो. घट्ट बसलेला मुरूम डांबरी रस्त्यासारखा चालतो. सुटा मुरूम मात्र चाकाखालून सरकतो आणि तेथेच शर्यतीचा निकाल लागतो. तीव्र चढावर जोर करण्यासाठी सीटवरून उठून उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन हलके होते, चाक जागच्या जागी फिरते आणि स्वार पाय टेकतो. त्याऐवजी सीटच्या पुढच्या टोकावर सरकून, छाती हँडलकडे झुकवून, कोपरे खाली ठेवून हलक्या गिअरमध्ये एकसारखे पेडल फिरवत राहिले तर मागचे चाक जमीन सोडत नाही आणि पुढचेही उचलले जात नाही. हे लिहायला दोन ओळी लागतात, पण दम लागलेला असताना शरीराला उभे राहण्याचाच मोह होतो आणि तो आवरणे हाच चढाचा खरा सराव आहे.

शर्यत सुटण्याआधीची काही मिनिटे मला नेहमी मोठी गमतीची वाटतात. कानटोप्या, मफलर, एखाद्याच्या अंगावर वडिलांचा जुना स्वेटर, आणि सगळे एकमेकांना ‘भाऊ, तब्येत बरी नाही, आज नुसता फिरायला आलो’ असे सांगत असतात. शिट्टी वाजताच तेच आजारी भाऊ जिवाच्या आकांताने पुढे धावतात, कारण पहिल्या तीन-चारशे मीटरनंतर बैलगाडीची वाट संपून एका सायकलीपुरती पायवाट सुरू होते आणि तेथे जो ज्या क्रमाने शिरेल त्याच क्रमाने त्याला बराच वेळ राहावे लागते. मागे राहिलेल्याला धूळही खावी लागते, आणि वाळलेल्या मातीची ती धूळ दातांखाली करकरते.

टायरमधल्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवे स्पर्धक विचारतात ते हेच आणि त्यांना उत्तर मिळते ते बहुधा ‘टाका तीस-पस्तीस’ एवढेच. ट्यूब असलेल्या टायरला तेवढी हवा ठेवावीच लागते, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्युबलेस टायर मात्र मध्यम वजनाच्या माणसाला पंचवीस पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) जवळपास उत्तम चालतो. कमी हवेचा टायर दगडावर बसून त्याला धरतो, तर जास्त हवेचा त्यावरून उडतो. आता खान्देशी हिवाळ्याची खोच येथे आहे. दुपारी तीस अंशांत पंचवीस पीएसआय भरून ठेवलेला टायर दुसऱ्या दिवशी पहाटे दहा अंशांत सुमारे साडेबावीसवर आलेला असतो, हवा कोठूनही न गळता, केवळ थंडीने आकसून. म्हणून हवा शर्यतीच्या जागी, सकाळीच, मोजूनच भरावी. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज अशा वेळी उपयोगाचा नाही.

दुसरा शत्रू काटा. बाभूळ, बोराटी आणि जमिनीलगत पसरणारा गोखरू, हे तिन्ही हिवाळ्यात वाळून कडक झालेले असतात. शेताच्या बांधावर कुंपणासाठी टाकलेल्या बाभळीच्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात, आणि मार्ग आखणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी कितीही झाडून घेतला तरी एक-दोन काटे राहतातच. मधल्या एका शर्यतीत उतारावर मागच्या चाकातून ‘फस् फस्’ असा प्रत्येक फेऱ्याबरोबर आवाज येऊ लागला; खाली पाहिले तर पांढरे सीलंट, म्हणजे भोके बुजवण्यासाठी ट्युबलेस टायरमध्ये घातलेला द्रव, थेंबाथेंबाने पायावर उडत होते आणि बाभळीचा बोटाएवढा काटा टायरमध्ये रुतलेला दिसत होता. काटा उपटण्याची घाई न करता मी चाक फिरते ठेवले. सीलंटमधला चीक हवेशी गाठ पडताच घट्ट होऊन भोक बुजवतो आणि काटा जागेवर असेल तर बुजवायची फटही लहान राहते. आवाज थांबला, काटा शर्यत संपल्यावर काढला आणि सीलंटची नवी मात्रा घातली. सीलंट आमच्या उष्ण, कोरड्या हवेत लवकर वाळते; मालिका सुरू होण्याआधी ते बदलणे येथे अनिवार्यच समजावे.

त्याच शर्यतीत माझ्या पुढे एक शेतकऱ्याचा मुलगा होता, साध्या गिअरच्या जड सायकलवर. चढावर मी त्याला गाठत असे आणि उतारावर तो मला टाकून जात असे, कारण सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक कधी सोडायचा हे त्याला रोजच्या वाटेने शिकवले होते. महागड्या सस्पेन्शनने चुका झाकल्या जातात, कौशल्य येत नाही, हे मी त्याच्या मागून जाताना डोळ्यांनी पाहिले. वळणावर गुरे घेऊन उभ्या असलेल्या एका बाबांनी आम्हा दोघांकडे पाहून ‘इतला कसाले पयी राहिना रे भो, मांगे वाघ लागना का?’ (इतके कशाला पळताय, मागे वाघ लागला का?) असे विचारले, आणि हसू आल्यामुळे चढावरचा माझा श्वास पार बिघडला.

आयोजनाविषयी दोन तक्रारी नोंदवतो. वेळ हाताने मोजली जाते आणि फेऱ्यांचा घोळ होतो. क्रमांकपट्टी हँडलवर ठळक लावून प्रत्येक वयोगटाला वेगळा रंग दिला तर निम्मा घोळ मिटेल. दुसरे म्हणजे मार्ग ठरवताना वनखात्याची परवानगी आणि शेतमालकाची संमती आधी हवी, कारण हा कापूस वेचणीचा आणि हरभरा-दादर (रब्बी ज्वारी) उभी असण्याचा काळ आहे आणि पिकातून गेलेले एक चाक पुढच्या वर्षीची वाट बंद करते. बक्षीस समारंभ लांबतो त्याला माझी हरकत नाही, कारण तोवर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि भरितासोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळते.

आता एक शर्यत उरली आहे. तिचा मार्ग अधिक दगडी आणि वळणांचा असल्याने पुढच्या चाकाला कडांना मोठे गुटके (पकडीसाठीचे रबराचे उंचवटे) असलेला टायर चढवला आहे, मागचा तोच ठेवला आहे. गुणतक्त्यात तो मुलगा माझ्या थोडासाच वर आहे. त्याला मागे टाकायचे तर पायवाट सुरू होण्यापूर्वी त्याच्या पुढे शिरणे एवढा एकच मार्ग मला दिसतो, आणि सध्या सकाळचा सगळा सराव त्या पहिल्या चारशे मीटरचाच चालला आहे.