पिकदाणी आणि पन्नास मिलिलिटर

वाइन चाखणाऱ्यांचं मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच दांडीचा ग्लास येतो. ज्याच्या अंगावर मंडळाचं काम पडलेलं असतं, त्याला आधी पिकदाणी आठवते. शब्द काही रसिकतेचा नाही, पण सगळी रसिकता त्या भांड्याच्या आधारानं उभी असते.

हिशेब करून बघा. एका बैठकीत सहा वाइन, प्रत्येकी ५० मिलिलिटर, म्हणजे माणशी ३०० मिलिलिटर. साडेबारा टक्क्यांनी त्यात जवळजवळ ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. हे सगळं पोटात गेलं तर चौथ्या वाइनपासून प्रत्येक वाइन ‘छान’ लागते, सहाव्यापर्यंत शेजारचा माणूसही छान वाटू लागतो आणि चाखणं तिथेच संपतं. म्हणून तीन-चार जणांत एक पिकदाणी हवी. ती काचेची नको, आतलं दिसता कामा नये. तळाशी कागदाचे कपटे टाकले की शिंतोडे उडत नाहीत. अर्धी भरली की रिकामी करायची. काठोकाठ भरलेल्या भांड्याकडे कुणी वळत नाही. आणि सर्वांत अनुभवी माणसानं पहिल्याच घोटाला, सगळ्यांच्या देखत थुंकायचं. ते त्यानं केलं नाही, तर नवखे भिडेपोटी सगळं गिळत राहतात.

दुसरा हिशेब बाटलीचा. ७५० भागिले ५०, उत्तर पंधरा. तरी पंधरा माणसं बोलावू नयेत. तपासणीचा एक घोट जातो, जुन्या रेड वाइनच्या तळाशी गाळ असतो, म्हणून चौदाच धरावीत. ओतणाऱ्याचा हात सैल असेल तर तेही जमत नाही. हौशी हात सहज सत्तर ओततो आणि अकराव्या ग्लासाशी बाटली उलटी धरून झटकायची वेळ येते. यावर उपाय अगदी साधा आहे. एका ग्लासात मोजून ५० मिलिलिटर पाणी घालायचं, त्या पातळीवर चिकटपट्टी लावायची आणि तो ग्लास ओतणाऱ्यासमोर ठेवायचा. नजरेला दोन फेऱ्यांत सवय होते.

मंडळ वाढवायचं म्हटलं की अडचण याच आकड्यापाशी येते. पंधरावा सभासद आला की प्रत्येक वाइनची दुसरी बाटली उघडावी लागते. एका माणसापायी बाटल्यांचा खर्च दुप्पट. चौदावरून सतरा-अठरावर गेलेली मंडळं इथेच धापा टाकतात. वर्गणी वाढवावी तर जुने कुरकुरतात, वाइन हलकी आणावी तर सगळेच. माझं स्पष्ट मत आहे की सोळा-सतराच्या दलदलीत रेंगाळू नये. आधी प्रतीक्षायादी करावी आणि ती दहा-बारावर गेली की एकदम पंचवीस-सव्वीसचं मंडळ करावं, नाहीतर सरळ दोन गट पाडावेत. दारू विकणं आणि खर्च वाटून घेणं यांत कायदा कुठे रेघ ओढतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मंडळ वाढवण्याआधी ते विचारून घ्यावं.

दोन बाटल्या उघडल्या म्हणजे दोन्ही तपासायच्या. बुचाला टीसीए नावाच्या रसायनाची लागण झालेली असू शकते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानंही वाइन बिघडते. त्या वासाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कुबट. ओला पुठ्ठा, बंद खोली, न वाळलेलं फडकं. वास जितका मंद तितकी फसगत जास्त, कारण नाक चटकन सरावतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या हुंगण्यात दोष सापडेनासा होतो. तेव्हा पहिल्या हुंगण्याला जे वाटलं तेच खरं मानावं. अशी बाटली ओतून देऊ नका, बाजूला ठेवा आणि बैठकीच्या शेवटी चांगल्या बाटलीशेजारी ठेवून सगळ्यांना हुंगायला द्या. एवढा स्वस्त धडा दुसरा मिळत नाही.

शब्दांच्या बाबतीत मराठी माणसानं उगाच बिचकू नये. वाइनमधलं तोंड आवळणारं टॅनिन म्हणजे काय हे समजावताना इतरांची दमछाक होते. आपल्या सहा रसांत तुरट केव्हाचा बसलेला आहे. १९८४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचं चक्र मांडलं, त्यातली कल्पनाही हीच होती. ‘भारदस्त’, ‘उमदी’ असली विशेषणं सोडून लिंबाची साल, मिरी, ओली माती अशा ओळखीच्या वस्तूंची नावं घ्यायची. फक्त ती नावं आधी लिहायची, मग बोलायची. ओतल्यावर तीन मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. सूचनेपुढे नाक किती दुबळं असतं, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रयोगात दिसलं. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या लाल रंगानं रंगवून दिली आणि त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. रंगानं विद्यार्थी फसतात, मग मंडळातल्या ज्येष्ठानं ‘चेरी!’ म्हणून दवंडी पिटल्यावर नवख्याला दुसरं काय सापडणार?

बाटलीवरचं नाव झाकून चाखायच्या बैठकीला गर्दी सर्वांत जास्त होते. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी अशाच झाकलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या वाइनना, पांढऱ्यांत आणि लाल वाइनमध्येही, पहिलं स्थान देऊन टाकलं. तेव्हापासून तर ही गंमत उतरलेलीच नाही. पण नुसती पिशवी चढवून भागत नाही. मानेवरचं वेष्टन पूर्ण काढा, बूच खिशात टाका. उतरत्या खांद्यांची बाटली पिशवीतूनही फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या वाइनची चुगली करते; पक्कं झाकायचं तर वाइन सारख्या आकाराच्या सुरयांत ओता. पिशव्या एकानं चढवायच्या, आकडे दुसऱ्यानं टाकायचे, म्हणजे दोघांपैकी कुणालाच उत्तर ठाऊक नसतं.

नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी काहीतरी काम द्यावं. बाटली नको, पाण्याचा जग द्यावा. जग घेऊन फिरणारा प्रत्येक टेबलाशी जातो, प्रत्येकाचं बोलणं त्याच्या कानावर पडतं आणि ‘काय म्हणताय?’ विचारायला त्याला निमित्त मिळतं. कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसवलेला माणूस सहसा परत येत नाही, जगवाला येतो. अत्तर लावून येऊ नका, हे मात्र त्याला आदल्या दिवशीच कळवावं. दारात सांगितलं तर तो ओशाळतो आणि अत्तर काही उतरत नाही.

तापमानाकडे दुर्लक्ष झालं तर बाकीची मेहनत फुकट. पांढरी ८ ते १२ अंश, लाल १५ ते १८. खोली उकडत असेल तर रेड वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर अल्कोहोलच नाकात चढतं. घाईत गार करायची तर बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली निवायला वेळ लागतो. फसफसणाऱ्या शॅम्पेनच्या बाटलीत सहा वातावरणांच्या आसपास दाब असतो. तार सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा उचलू नये आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवावी.

उरलेली वाइन ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. आत हवेला जागाच उरत नाही. मग राहतात ग्लास. चौदा जणांना सहा-सहा दिले तर चौऱ्याऐंशी, म्हणून बहुतेक मंडळं माणशी तीनवर भागवतात आणि मध्ये पुढच्याच वाइनच्या थेंबानं ग्लास विसळून घेतात. धुताना गरम पाणी, वासाचा साबण अजिबात नाही. पुसताना एका हातात तळ आणि दुसऱ्या हातानं वाटी पिळायची नाही, दांडी तिथेच मोडते. वाटीच धरून वाटी पुसायची. आणि वाळलेले ग्लास पुठ्ठ्याच्या खोक्यात पालथे घालू नका. महिनाभरानं ते उघडाल तेव्हा सगळ्या ग्लासांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल आणि निम्मं मंडळ बुचाला दोष देत बसेल.