रत्नागिरीतली ८००: ब्रेक पाइपचे नट आणि १० मिमीचा एक पाना

मंडळी, मागच्या वेळी माझ्या मारुती ८०० चे मागचे दोन्ही ब्रेक ड्रम उघडून व्हील सिलिंडरपर्यंत (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा भाग) पोचलो होतो. पुढचं काम सोपं वाटत होतं. ब्रेक ऑइलचे तीन पाइप काढायचे, नवे वाकवून बसवायचे, आतली एअर काढायची. त्या तीन पाइपांच्या सहा नटांनी पाच आठवडे घेतले. त्यातला बराचसा वेळ पाना निवडण्यात गेला आणि तो सार्थकी लागला, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९९७ ची मारुती ८००, पहिल्यापासून रत्नागिरीतच. इंजिन अजून गोड वाजतं, पण गाडीखाली आडवं झालं की समुद्र किती जवळ आहे ते कळतं. ब्रेकचा स्टील पाइप ४.७५ मिमीचा, नट एम१० × १.० (आट्यांचा व्यास १० मिमी, दोन आट्यांतलं अंतर १ मिमी), नटाचा षटकोन समोरासमोरच्या बाजूंत १० मिमीचा. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत हेच माप सापडतं. जुन्या जीपवाल्यांनी मात्र आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावावा. तिथे इंचाची मापं असतात आणि ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी. त्यावर १० चा पाना चढतो खरा, पण पहिल्याच जोरात कडा खातो.

पहिला नट, डावीकडचा मागचा, मी नेहमीच्या फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाच्या, पान्याने सोडवायला गेलो आणि तो गोल झाला. हा नट मधून पोकळ असतो, त्यातून पाइप जातो, त्यामुळे भिंत पातळ. फिक्स पाना दोनच समोरासमोरच्या कोपऱ्यांवर जोर टाकतो. पोकळ नट त्या जोराने किंचित चेपतो आणि पाना घसरतो. रिंग पाना सगळे कोपरे धरतो, पण पाइप मध्ये असल्यामुळे तो घालणार कुठून? म्हणून फ्लेअर नट पाना (फ्लेअर म्हणजे नटात दाबलं जाणारं पाइपचं फाकवलेलं टोक): रिंगच, पण पाइप आत येण्यापुरती फट ठेवलेली. आधी पाइपवरून आत घालायचा, मग पाइपवरून सरकवत नटावर चढवायचा.

आमच्या शेजारी नाना राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी त्यांचा कापलेला रिंग पाना आणून दिला. जुन्या मिस्त्र्यांकडे असा एक असतोच, रिंगला ग्राइंडरने फट पाडलेली. नाना म्हणाले, "अरे, हा वापर, पण जोर आला की तोंड उघडतं याचं. आम्ही वरून वाइस ग्रिप लावायचो, ती घट्ट धरून राहणारी पक्कड." पाना पाहिला तर फटीच्या दोन्ही कडा निळसर. कापताना पोलाद इतकं तापलं की तिथला कडकपणाच गेला, आणि सगळा ताण येतो तोही नेमक्या त्याच कडांवर. अडल्यावेळी चालेल, पण माझ्या उरलेल्या पाच नटांवर तो लावायची माझी तयारी नव्हती.

मग एक सहा पान्यांचा संच मागवला, चकचकीत क्रोमचा. त्याच सुमारास मुंबईला जाणं झालं, तेव्हा नागदेवी स्ट्रीटवर, हत्यारांच्या बाजारात, दोन तास फिरून एका दुकानात जर्मन बनावटीचा एक जुना, वापरलेला पाना मिळाला. एका बाजूला १० चं तोंड आणि अंगावर डीआयएन ३११८ हा छाप. अशा उघड्या रिंग पान्यांसाठीचं हे जर्मन मानक. जर्मनीत हाझेट आणि गेडोरे या रेमशाइडच्या कंपन्या, वुपरटालची श्टालविले, जपानमध्ये क्योटोची केटीसी, ही या जातीच्या पान्यांतली मानाची नावं. पण नाव वाचून मी थांबलो नाही, मोजायला बसलो.

मोजताना जे लक्षात आलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. १० मिमीच्या षटकोनाची एक बाजू जेमतेम ५.८ मिमी लांब असते. फट बरोबर एका बाजूसमोर असेल आणि तिची रुंदी ५.८ च्या आत असेल, तर सहाही कोपरे पान्याच्या तोंडात राहतात. फट त्याहून मोठी झाली की दोन कोपरे उघड्यावर येतात आणि जोर उरलेल्या चारांवर पडतो. पाइप ४.७५ चा, वर रंग आणि गंज धरून पाच-सव्वापाच. म्हणजे चांगल्या पान्याला मिळणारी जागा अर्धा-पाऊण मिलिमीटरची, आणि सगळं कौशल्य तेवढ्यात आहे. जर्मन पान्याची फट ५.६ मिमी निघाली. चकचकीत संचातली ६.९. आतलं माप पहिल्याचं १०.०८, दुसऱ्याचं १०.२८.

त्यानंतर जोराची परीक्षा. जुना १० मिमीचा नट पोलादी दांड्यावर घट्ट बसवून व्हाइसमध्ये धरला. पान्याला नटापासून १५ सेंटिमीटरवर सामान तोलायचा हुकवाला काटा अडकवला आणि ओढला. हा नट आवळायचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १६ न्यूटन-मीटर, म्हणजे या अंतरावर साधारण ११ किलोची ओढ. गंजलेला सोडवायला दुप्पट लागेल असं धरून २२ किलोपर्यंत गेलो. भाचा फटीला व्हर्नियर लावून बसला होता. जर्मन पान्याची फट ०.०८ मिमीने रुंदावली आणि सोडल्यावर पूर्ववत झाली. संचातल्याची ०.३५ ने रुंदावली, त्यातली ०.१ तशीच राहिली. म्हणजे तो पाना एका ओढीत कायमचा वाकडा झाला. कारण उघड आहे: फटीच्या दोन्ही बाजूंचा त्याचा ओठ बारीक आहे. खरेदी करताना माझी नजर आता आधी त्या ओठांच्या जाडीकडे जाते, मग फटीकडे. क्रोमची चकाकी पाहतच नाही.

बारा कोनी तोंडाचेही पाने मिळतात. अडचणीच्या जागी ते पटकन बसतात, पण गंजलेल्या मऊ नटासाठी मी सहा कोनीच घेईन. सहा कोनी तोंड दांड्याशी १५ अंशांत तिरकं असलं तर पाना उलटा करून ३० अंशांच्या झोक्यातही काम होतं. मागच्या ॲक्सलपाशी एवढीच जागा मिळते. आणि संचापेक्षा तुमच्या गाडीच्या मापाचा एकच चांगला पाना घ्या. माझ्या संचातले बाकीचे पाच आकार या गाडीच्या ब्रेकला लागतच नाहीत.

प्रत्यक्ष काम असं झालं. तीन दिवस रोज संध्याकाळी नटाच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल. त्याआधी तारेच्या ब्रशने नटामागचा पाइप दोन इंच लख्ख केला. हे महत्त्वाचं आहे, कारण पाना पाइपवरून सरकायला हवा आणि सुटल्यावर नटही त्याच पाइपवर मागे यायला हवा. खपली तशीच राहिली तर नटाबरोबर पाइप पिळतो. होज, म्हणजे ब्रेकची लवचीक रबरी नळी, जिथे जोडला जातो तिथे होजच्या षटकोनावर दुसरा पाना धरून ठेवला, नाहीतर होजच फिरतो. नट आठवा भाग सोडवायचा, परत आवळायचा, तेल द्यायचं, पुन्हा सोडवायचा. जर्मन पान्याने पाचपैकी चार असे सुटले, एकाही नटाची कडा न मोडता. चौथा सुटला तेव्हा नानांनी पाना हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "डेपोत असा एक असता तर!"

पाचवा पाइपला इतका चिकटला होता की पाइपच फिरू लागला. तो आणि आधी गोल झालेला पहिला, दोन्हीकडे पाइप नटाला लागून कापला. पाइप बदलायचाच होता, त्यामुळे त्याचं काही नव्हतं. पाइप गेल्यावर नटावर अख्खा सॉकेट चढतो. पाचव्यावर १० चा सहा कोनी सॉकेट सरळ बसला. गोल झालेल्यावर ९.५ चा, म्हणजे ३/८ इंचाचा, हातोडीने ठोकून बसवला. दोन्ही सुटले. ब्रेक ऑइल बंपरच्या रंगावर सांडलं ते लगेच भरपूर पाण्याने धुतलं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा हा प्रकार) रंग खातं, पण पाण्यात विरघळतं, म्हणून उशीर करू नये.

नवे पाइप स्टीलचेच घेतोय. इथल्या एका दुकानात एसीची तांब्याची नळी सुचवली गेली, सहज वाकते म्हणून. तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं, ब्रेकला ते नको. तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप चांगला, पण मला अजून मिळालेला नाही. फ्लेअर ४५ अंशांचा, दुहेरी घडीचा. पहिले चार तुकडे सरावाचे केले. त्यातले दोन वाकडे निघाले, कारण पाइपचं टोक कानशीने काटकोनात केलं नव्हतं. पाचव्यापासून नीट येतायत.

सध्या लांब पाइप वाकवून झालाय, दोन छोटे बाकी आहेत. आवळायला टॉर्क पान्याला (जोर मोजून आवळायचा पाना) लावायचा क्रोफूट फ्लेअर पाना, म्हणजे दांड्याशिवायचं नुसतं तोंड, एका मित्राकडून आणलाय. तो टॉर्क पान्याशी काटकोनात लावला की आकडा बदलत नाही, सरळ रेषेत लावला तर लांबी वाढून नट जास्त आवळला जातो. रविवारी नाना पेडलवर बसणार आणि मी ब्लीड निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या तोटीपाशी. कुणाकडे उजव्या ड्रमच्या आतल्या बाजूची, पाइप कुठून वळतो ते दाखवणारी छायाचित्रं असतील तर पाठवा. माझ्या गाडीवरची पाइप धरणारी क्लिप गंजून गेली आहे आणि तिची मूळ जागा सापडत नाही.