लिंक्डइनवरची ओळख कामाची कशी होते : माझा अनुभव

रिक्वेस्ट मान्य झाली म्हणजे ओळख झाली, असं मी धरत नाही. समोरच्याने काही सुचवलं, आपण ते करून पाहिलं आणि काय झालं ते त्याला कळवलं, तिथून ओळख सुरू होते. आधीचं सगळं त्या निरोपापर्यंत पोचण्याची तयारी.

प्रोफाइलवर फार वेळ घालवू नये. हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या ओळीला, 220 अक्षरं मिळतात, पण कमेंट करताना नावाजवळ त्यातले सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. म्हणून हुद्द्याआधी काम लिहावं. ‘सीनियर मॅनेजर’ वाचून कुणाला काही कळत नाही. ‘गोदामातला साठा आणि मालाची परती’ वाचून कळतं.

कुणाला गाठायचं, हा खरा प्रश्न. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की नवी माहिती जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा अभ्यास 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आला. त्यात नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी, ना घट्ट ना अगदी परक्या. त्यामुळे मी ‘सेकंड’ (2nd) अशी खूण असलेल्यांमध्ये, म्हणजे ओळखीच्यांच्या ओळखीच्यांमध्ये, शोधतो : काही सामायिक ओळखी आहेत, आपल्यासारख्याच अडचणीवर काम करतात आणि हुद्द्याने एखादी पायरी वर आहेत. कंपनीच्या प्रमुखांच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. त्यांचा इनबॉक्स तसाही भरलेला असतो.

रिक्वेस्टच्या आधी त्यांच्या एक-दोन पोस्टवर कमेंट करावी. ‘खूप छान’ ही कमेंट नव्हे. त्यांच्या मुद्द्यात आपल्या कामातली एक भर किंवा एक अडचण घालावी. मग नाव ओळखीचं वाटतं.

रिक्वेस्टसोबत चिठ्ठी हवीच. फुकटच्या खात्यावर ती 200 अक्षरांत बसवावी लागते आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात, म्हणून त्या जपून वापराव्यात. मराठीत काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते, हे लक्षात ठेवावं. मोबाइलवर घाईत ‘कनेक्ट’ दाबलं तर रिक्वेस्ट चिठ्ठीविनाच जाऊ शकते. आधी त्यांच्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांच्या मेनूत चिठ्ठी जोडायची सोय आहे का बघावं. ‘कनेक्ट’ऐवजी ‘फॉलो’च दिसत असेल, तर ‘कनेक्ट’ बहुधा त्याच मेनूत सापडतं.

मजकूर असा : ‘नमस्कार. स्टॉकमोजणीवरची तुमची पोस्ट वाचली. रोज थोडी मोजणी आम्हीही सुरू केलीय, पण परत आलेल्या मालाचा हिशेब जुळत नाही. तो तुम्ही वेगळा मोजता का?’ दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. ‘मार्गदर्शन कराल का?’ याला कुणी काय उत्तर देणार? पहिल्याच निरोपात बायोडेटा जोडला की माणूस सावध होतो आणि गप्प बसतो.

उत्तर आलं की त्याच दिवशी आभार मानावेत. मग सुचवलेलं करून पाहावं आणि दोन-तीन आठवड्यांनी निकाल कळवावा, फसला असला तरी. फसलेला तर जरूर, कारण तो त्यांच्याही कामाचा असतो. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि थेट नोकरीच्या वेळी उगवतात.

फोनवर बोलायचं असेल तर 20 मिनिटं मागावीत, दोन वेळा सुचवाव्यात, विषय आधी लिहून द्यावा. विसाव्या मिनिटाला आपणच थांबावं.

हे सगळं डोक्यात राहत नाही. एका शीटमध्ये नाव, ओळखीचं निमित्त, शेवटचं बोलणं आणि ‘पुढे काय’ एवढे रकाने पुरतात. लिंक्डइनच्या सेटिंगमधून आपल्या डेटाची प्रत मागवली की कनेक्शनची यादी तारखेसह मिळते. तिच्यावरून शीट भरता येतं. ‘पुढे काय’ रिकामं असेल तर उगाच निरोप पाठवू नये. वाढदिवसाचं तयार बटण दाबणं म्हणजे संपर्क ठेवणं नव्हे.

दोघांची गाठ घालून देताना आधी दोघांनाही वेगवेगळं विचारावं. न विचारता एकत्र निरोप टाकला तर नकार देणाऱ्याची पंचाईत होते. आणि आपली ओळख कुणी करून दिली असेल, तर बोलणं झाल्यावर त्या मधल्या माणसाला ‘बोलणं झालं, हे ठरलं’ एवढी एक ओळ त्याच दिवशी पाठवावी. ती गेली नाही तर पुढची ओळख करून द्यायला तो कचरतो.