तुम्ही विचारलंत म्हणून : ही पेट्रोल गाडी अजून का ठेवली

"काऊन गा भाऊ, अजून हेच गाडी चालवून राहिला का?" लग्नात, पंपावर, तेरवीच्या पंगतीत सुद्धा हा प्रश्न येतोच, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, डिझेल काऊन नाही घेतली. बारा-तेरा वर्षं झाली, कधी टाळतो कधी भांडतो, आता एकदाचं लिहूनच टाकतो.

गाडी मारुतीची एसएक्स फोर, २००८ चं मॉडेल, पेट्रोल. कंपनीनं ती बंद करून २०१४ मध्ये सियाझ आणली, तेव्हापासून तर लोक माझ्याकडं अजूनच दयेनं बघतात. खाते खूप, हे मला सांगू नका, मला माहीत आहे. आमच्या गावच्या रस्त्यावर ११-१२ देते, हायवेवर १४, पंपावर पैसे मीच देतो.

ही जुनी, सेकंडहँड घेतली तेव्हा मी काही शहाणपण केलं नव्हतं, हे आधी कबूल करतो कारण नंतर कित्येक वर्षं मी ते शहाणपणच म्हणून खपवलं. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं होतं, डिझेलच्या भावावर सरकारचं नियंत्रण होतं, दोघांत तीसेक रुपयांचा फरक पडला होता, त्यामुळं मोठ्या इंजिनची पेट्रोल गाडी कोणी फुकट दिली तरी नको म्हणत होतं. म्हणून ती माझ्या ऐपतीत आली. डिझेलवाली जुनी तेवढ्या पैशात मिळतच नव्हती. बस, एवढंच. पुढं २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचं नियंत्रण उठलं, फरक कमी होत गेला, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, मी म्हणत नव्हतो का. मी काहीच म्हणत नव्हतो.

पण इंजिनाबद्दल बोलतो ते मनापासून बोलतो. १५८६ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, नाही. आता एक लिटरच्या तीन सिलिंडरला टर्बो लावून शंभर घोडे काढतात, चांगली इंजिनं आहेत, मी चालवून पाहिली, पण तेवढ्याशा भांड्यात दाब देऊन ताकद काढायची म्हणजे उष्णता आली, आणि टर्बोला ऑइल वेळेवर आणि चांगलंच लागते. माझ्या इंजिनात ताकद नुसत्या आकारातून येते, त्याला कोणी पिळत नाही. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जाते, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जातात. नवीन डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचत जातो. व्हॉल्व्ह वेळेवर उघडायच्या टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, ऑइल बदलत राहा, ती गप आपलं काम करते. बिघडलं तर आमच्या पुलगावचा मिस्त्री खोलू शकते, लॅपटॉप लावायला नागपूरला न्यावं लागत नाही.

आणि डिझेलचं म्हणाल तर माझी गाडी दिवसाला घर ते वावर, वावर ते बँक, असे पाच-सहा किलोमीटरचे हेलपाटे मारते. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस ६ नियम आला, तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवायचा फिल्टर असते, तो जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ चांगल्या स्पीडनं पळावी लागते. माझ्या चुलत भावाच्या गाडीत फिल्टर भरल्याचा दिवा महिन्याआड लागते, मग तो काम नसताना वर्ध्यापर्यंत चक्कर मारून येते. हे मी त्याला हिणवून सांगत नाही, तो वर्षाला माझ्या तिप्पट फिरला असता तर डिझेलच बरोबर होती.

इथवरचं उत्तर मी नेहमीच देतो. पुढचं देत नव्हतो.

२०१७ चा मे. दुपारचे दोन, ४५ च्या वर तापमान, बाबांच्या छातीत दुखायला लागलं. गावातली दुसरी चारचाकी लग्नाला गेलेली. बाबांना मागच्या सीटवर झोपवलं, डोकं बहिणीच्या मांडीवर, आणि निघालो सेवाग्रामच्या दवाखान्यात. आमच्या गावातून हायवेला लागायच्या आधी मुंबई-हावडा लाइनचं फाटक आहे. ते बंद. एक मालगाडी गेली, मग एक एक्सप्रेस, मग परत मालगाडी. बाबांसाठी एसी चालू म्हणून इंजिन चालू. थोड्या वेळानं एसी गार हवा देईना, मला वाटलं गॅस कमी झाला असेल. मग इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडं लक्ष गेलं, तो एचला, म्हणजे हॉटला, टेकायला आला होता. रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता.

तो फॅन कंपनीचा नव्हता. आधी एकदा समोरून ठोकली होती तेव्हा पैसे वाचवायला मीच डुप्लिकेट मोटर बसवली होती. आणि एप्रिलमध्ये मिस्त्रीनं सांगितलं होतं, "भाऊ, फॅन आवाज करून राहिला, बदलून टाका." तुरीचा चुकारा यायचा होता, म्हटलं चुकारा आला की बदलू.

फाटक उघडलं. हायवे तिथून तीन किलोमीटर, खड्ड्यांचा रस्ता, स्पीड घेता येत नाही. एकदा साठ-सत्तरचा स्पीड मिळाला की समोरच्या वाऱ्यानं रेडिएटर गार होते, फॅन लागत नाही, पण तिथवर जायचं कसं. इंजिन बंद करून थंड व्हायची वाट बघावी तर अर्धा तास. असंच रेटावं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं, वाकते, त्याखालचं गॅस्केट जाते, गाडी रस्त्यातच उभी. मग मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हिटर फुल केला. हिटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागं बसवलेलं छोटं रेडिएटरच, इंजिनची उष्णता ते गाडीच्या आत फेकते. ड्रायव्हर लोकांना हा उपाय माहीत आहे.

मे महिन्यात, छातीत दुखणाऱ्या माणसावर, हिटर.

बाबा एकदाच बोलले, "गरम होऊन राहिलं बाप्पा." मी म्हटलं दोन मिनिटं बाबा. नंतर ते काही बोलले नाहीत तरी मी म्हणतच होतो, दोन मिनिटं, दोन मिनिटं. बहीण दुपट्टा ओला करून त्यांच्या तोंडावरून फिरवत होती. काटा खाली आला. हायवेला लागल्यावर मी हिटर बंद केला, वर्धा शहरातल्या गर्दीत परत लावला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबांचा सदरा पिळून निघेल इतका ओला होता. डॉक्टरनं विचारलं, एवढा घाम कधीपासून? हार्ट अटॅकमध्ये घाम फुटते, म्हणून विचारलं त्यांनी. मला सांगता येईना, तो घाम कशाचा होता. बहीण म्हणाली, "गाडीत हिटर लावला होता." डॉक्टर क्षणभर माझ्याकडं बघत राहिले आणि कामाला लागले.

अटॅकच होता. बाबा वाचले, अडीच वर्षं जगले, त्याच गाडीत समोर बसून वावरात यायचे, हिटरचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मिस्त्रीनं गाडी तपासली, ऑइल दुधासारखं झालेलं नव्हतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, गॅस्केट शाबूत. या वेळी ओरिजिनल फॅन टाकला.

आणि मग वर्षानुवर्षं मी ही गोष्ट इंजिनाची तारीफ म्हणून सांगितली. काटा एचवर गेला तरी इंजिनाला काही झालं नाही, बघा. हिटर गाळून. एका दिवाळीला पाहुण्यांसमोर अशीच सांगत होतो तर बहीण सगळे गेल्यावर म्हणाली, "भाऊ, तू इंजिनचं सांगतं, बाबांचं नाही सांगत."

तेव्हाचा मी म्हणतो, गाडी बंद पडली असती तर बाबा उन्हात रस्त्यावर राहिले असते. बरोबर आहे. मग मी त्याला विचारतो, तीन किलोमीटर ती हिटरशिवाय गेली नसती कशावरून? त्याच्याकडं उत्तर नाही, माझ्याकडंही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी हेड उतरवायचा खर्चही माझ्या डोक्यात आला होता. बाबांच्या आधी आला की नंतर, हे मला आजही सांगता येत नाही.

२०२३ मध्ये गाडीला १५ वर्षं झाली. पासिंग परत करायचं, पाच हजार फी, वरून ग्रीन टॅक्स, घरचे म्हणाले भंगारात द्या आता. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलही यायला लागलं होतं, जुन्या गाडीचं अॅव्हरेज त्यानं पडते हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे, रबरी पाइपांची काळजी वेगळी. तरी मी पासिंग केलं. इंजिन चांगलं आहे म्हणून केलं, की ती विकली तर त्या दुपारबद्दल मला विचारणारं कोणी उरणार नाही म्हणून, कोण जाणे. दोन्ही असेल.

बहीण अजूनही या गाडीत बसली की एसी लावू देत नाही, काच खाली करते. मी लावत नाही.