१६ जीबीच्या संगणकात २४ जीबीचा हट्ट

पत्रोपत्री बुद्धिबळ खेळणाऱ्या एका काकांचा सकाळीच फोन आला. आता चाली सर्व्हरवरून जातात, आणि आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारी बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत इंजिनाची, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमची, मदत घ्यायला मुभा आहे. त्यांना हत्तींच्या एका अंतिम डावात संध्याकाळपर्यंत चाल पाठवायची होती आणि त्यांचं इंजिन स्टॉकफिश रात्रभर चालूनही खोलात जात नव्हतं. विश्लेषणाचे संगणक जुळवून देणं हे माझं कामच, म्हणून लगेच त्यांची स्क्रीन माझ्याकडे घेतली.

सेकंदाला किती स्थिती तपासल्या जातात तो आकडा काही हजारांवर घुटमळत होता. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, डिस्क मात्र सतत धडपडत होती. सेटिंग उघडल्यावर कारण समोर आलं : हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थितींचे निष्कर्ष लक्षात ठेवायचं टेबल, १२२८८ एमबी (१२ जीबी). संगणकात रॅम १६ जीबी. तेवढ्यावर कदाचित निभावलंही असतं, पण तुलनेसाठी काकांनी जुनी आवृत्तीही शेजारी चालू ठेवली होती, त्याच आकड्यावर. एकाच वेळी चालणारे शोधाचे धागे (थ्रेड) कितीही असले तरी एका इंजिनाचं हॅश टेबल एकच असतं. दुसरं इंजिन मात्र स्वतःचं वेगळं टेबल मागतं. म्हणजे मागणी २४ जीबीची! उरलेला भार ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कवर ढकलला होता.

हॅश टेबलाच्या बाबतीत हे फार महागात पडतं. प्रत्येक स्थितीला झोब्रिस्टच्या पद्धतीने एक संख्या मिळते (ही पद्धत १९७० सालची) आणि त्या संख्येवरून टेबलातली जागा ठरते. एका सोंगटीची जागा बदलली की पुढची नोंद पार दुसऱ्या टोकाला. लागोपाठच्या नोंदी शेजारी नसतातच, त्यामुळे डिस्कवरून आणलेला तुकडा क्वचितच पुन्हा कामी येतो. आणि डिस्क, अगदी एसएसडीसुद्धा, अशा वाचनात रॅमच्या सुमारे हजारपट मागे राहते.

काका म्हणाले, "अहो, पण हॅश जितकी जास्त तितकं चांगलं ना?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. मूळ सेटिंग १६ एमबीचं असतं आणि लांबच्या विश्लेषणाला ते खरोखर तोकडं पडतं. पण स्टॉकफिश ३२ बाइटांत तीन नोंदी बसवतं, म्हणजे ४०९६ एमबीमध्ये ४० कोटींहून जास्त नोंदी मावतात. टेबल भरलं तरी काम थांबत नाही. जुन्या, उथळ नोंदी काढून नव्यांना जागा दिली जाते. दर हजार जागांपैकी किती भरल्या ते इंजिन सांगतं. तो आकडा लवकर १००० वर जाऊन तिथेच राहिला, तरच वाढवायचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

जुनी आवृत्ती बंद केली, हॅश ६१४४ वर आणली. बाकीची रॅम मुद्दाम मोकळी ठेवली, कारण काकांच्या एसएसडीवर सहा सोंगट्यांपर्यंतची सिझिजी टेबलं (पटावर तेवढ्याच सोंगट्या उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) होती, जवळपास १५० जीबी. त्या फायलींचे वारंवार लागणारे भाग ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्येच धरून ठेवते. अंतिम डावात ही मोकळी जागा हॅशइतकीच मोलाची.

वेग दहा लाखांच्या पुढे गेला. दुपारपर्यंत प्यादं पुढे सारायच्या चालीत बरोबरी आहे आणि राजा आधी मध्यभागी आणला तर विजयाची वाट उघडते, हे ओळीओळीने दिसलं. काकांनी प्रत्येक फांदी स्वतः पटावर मांडून तपासली आणि राजाची चाल पाठवली.