थीब्सशी केलेला महागडा तह

मॅसिडोनियाचा राजा फिलिप म्हटलं की लोकांना त्याच्याविरुद्धची अथेन्सच्या डेमोस्थेनिसची भाषणं आठवतात. मला मात्र डेमोस्थेनिसचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते इसवी सनपूर्व ३३९ मध्ये त्याने थीब्स या दुसऱ्या ग्रीक राज्याशी जुळवून आणलेला तह. शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हाही या तहावर माझा अख्खा तास जायचा, आणि आता गोव्यात, पेडण्यात घरी बसून वाचताना पुन्हा तिथेच अडकतो.

फिलिपने तोवर ग्रीक राज्यांना एकेकटं गाठलं होतं. ३५७ मध्ये अँफिपोलिस, ३४८ मध्ये ऑलिंथस. ३४६ मध्ये अथेन्सने त्याच्याशी तह ठरवला. त्याच्याकडून तहाची शपथ घ्यायला गेलेले अथेन्सचे दूत त्याच्या राजधानीत, पेल्ला इथे, त्याची वाट बघत बसले, आणि तेवढ्या अवधीत त्याने थ्रेसमधली ठाणी घेतली. पाठोपाठ फोकिसची शहरं मोडली गेली आणि डेल्फीच्या धर्मसभेतली फोकिसची दोन मतं फिलिपकडे आली. दर वेळी बाकीच्यांना वाटे, संकट शेजाऱ्यावर आहे.

मग ३३९ च्या शरद ऋतूत एका संध्याकाळी अथेन्समध्ये निरोप येऊन थडकला की फिलिपने फोकिसमधलं एलाटिया घेतलं. तिथून अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाची, वाट थीब्सच्या मुलखातून जाते. जेवायला बसलेले अधिकारी तसेच उठले, त्यांनी बाजारातली दुकानं हटवली. दुसऱ्या दिवशी सभा भरली. कुणाला बोलायचं आहे, असं दवंडीवाला पुनःपुन्हा विचारत होता आणि कुणीच उठेना. शेवटी डेमोस्थेनिस उठला.

त्याचा सल्ला मला आजही थक्क करतो. थीब्सकडे काही मागू नका, ते म्हणतील तेव्हा मदतीला येतो एवढंच सांगा. फौज थीब्सच्या वाटेवरच्या एल्युसिसपर्यंत नेऊन उभी करा, म्हणजे थीब्समधल्या आपल्या बाजूच्या माणसांना धीर येईल. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्या थीब्सशी अथेन्सचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, त्या थीब्ससाठी! शिवाय थीब्स तेव्हा फिलिपचं दोस्त राज्य होतं. म्हणूनच तिथल्या सभेत आधी बोलायचा मान फिलिपच्या दूतांना मिळाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमच्याबरोबर अ‍ॅटिकात चला, नाहीतर निदान वाट तरी द्या; लुटीतली गुरं आणि गुलाम तुमच्या घरी येतील.

थीब्सने ते नाकारलं. फुकट नव्हे. जमिनीवरच्या युद्धाचा दोन तृतीयांश खर्च अथेन्सने सोसायचा, आरमाराचा सगळा. जमिनीवर सेनापतिपद थीब्सचं. वर बिओशिया या भोवतालच्या प्रदेशावरचं थीब्सचं वर्चस्वही मान्य करायचं. एस्किनिस या प्रतिस्पर्ध्याने पुढे यावरूनच डेमोस्थेनिसला धारेवर धरलं: संकट थीब्सच्या दारात, मग पैसा आमचा का? माझ्या मते इथे एस्किनिस चुकला. संकट दारात होतं म्हणूनच थीब्सला दुसरा, सोपा पर्यायही होता. त्याची किंमत भरल्याशिवाय थीब्स अथेन्सकडे वळणार कसं?

मी पेडण्याचा. आमचा तालुका पोर्तुगिजांकडे गेला तोही एका दोस्तीच्या किमतीपायी. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतवाडीकर भोसल्यांनी १७८८ मध्ये पेडणे त्यांना देऊन टाकलं, आणि आम्ही नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, गणले गेलो. म्हणून कुठलाही तह वाचताना कोणी काय दिलं, आणि दिलेलं कुणाचं होतं, हे मी आधी बघतो. डेमोस्थेनिसने स्वतःच्या शहराचा पैसा दिला आणि स्वतःच्या शहराचा मान दिला. बिओशियातली लहान गावं मात्र त्यानेही थीब्सच्या पदरात टाकली. हा डाग मला पुसता येत नाही.

३३८ च्या ऑगस्टमध्ये कायरोनिया इथे दोघं मिळून लढले आणि हरले. थीब्सचं तीनशे निवडक योद्ध्यांचं पवित्र पथक तिथे कामी आलं. समोर फिलिपचा अठरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर होता. नंतर फिलिपने अथेन्सचे कैदी खंडणी न घेता सोडले, थीब्सच्या किल्ल्यात मात्र स्वतःची शिबंदी बसवली. दोघांना वेगळी वागणूक देऊन त्याने ती जोडी तोडली. ३३५ मध्ये थीब्स अलेक्झांडरविरुद्ध उठलं तेव्हा अथेन्सने मदतीचा ठराव केला, पण फौज हलली नाही. अलेक्झांडरने थीब्स जमीनदोस्त केलं.

आणि तरी, ३३० मध्ये, अलेक्झांडर आशियात जिंकत सुटलेला असताना, डेमोस्थेनिसला सुवर्णमुकुट द्यावा की नाही यावर अथेन्समध्ये खटला उभा राहिला. एस्किनिसने हा तह पुन्हा उगाळला. पंचांनी त्याला एक पंचमांश मतंही दिली नाहीत. तो शहर सोडून निघून गेला.